पाणी देणे

आमच्या सोसायटीत 'पाणी देणे' हा विषय टँकरवाल्याच्या अखत्यारीतला. एप्रिल लागला की सेक्रेटरी त्याला फोन करतात, तो 'निघालोच' म्हणतो आणि आमच्या बादल्या रांगेत उभ्या राहतात. त्यामुळे मे महिन्यातल्या एका सकाळी लिफ्टमध्ये मी त्यांना म्हणालो, "यंदा मी स्वतः पाणी देणार आहे," तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून पुढचा शब्द उच्चारायचा मला संकोच वाटला. पुढचा शब्द होता, "सुरीला."

हत्याराला पाणी देणं म्हणजे पोलाद लालबुंद तापवायचं आणि झटक्यात गार करायचं, की ते कडक होतं आणि धार धरतं. तलवार पाणीदार असते ती यामुळे. हे ज्ञान मला निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात मोबाइलवर झालं. त्याआधी पस्तीस वर्षं मी बँकेत होतो आणि वस्तू तापवण्याचा माझा सगळा अनुभव पाकिटावर सील करायच्या लाखेपुरता होता. मोबाइलमध्ये एक दाढीवाला परदेशी गृहस्थ एका विटेला आरपार भोक पाडत होता. बाजूच्या दुसऱ्या भोकातून त्यानं गॅसची ज्योत आत सोडली, पातं आत सरकवलं, पातं लाल झालं, तेलात चुर्र झालं आणि पुढच्या क्षणी तो कागदाच्या पट्ट्या कापत होता. एकूण सहा मिनिटं. मधले दोन दिवस त्यानं कापून टाकले होते, आणि ते सुरीनं नव्हते कापले, हे मला फार उशिरा कळलं.

मी तडक बोहरी आळी गाठली.

"भट्टीची हलकी वीट आहे का?"

"कशाला?"

"घरी छोटी भट्टी करायचीय."

"हॉटेल टाकताय?"

"नाही, सुरी करायचीय."

"तयार मिळते. चार दुकानं सोडून."

तरीही दुकानदारांनी एक वीट दाखवली. ती इतकी जड होती की तिच्यासाठी वेगळी रिक्षा करावी लागली असती. ही झाली कठीण वीट. ती उष्णता सोसते खरी, पण आधी स्वतः पोटभर पिऊन घेते. लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखं तिचं असतं. तिचं समाधान झाल्यावर काही उरलं तर पात्यापर्यंत पोचायचं. मला हवी होती ती सच्छिद्र, खारी-बिस्किटासारखी हलकी, नखानं ओरखडा उठेल अशी वीट. ती 1260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि उष्णता न गिळता आतल्या आत परतवते. ती मिळत होती, पण पेटीनं. एका सुरीसाठी पेटीभर विटा नेणाऱ्या माणसाकडे दुकानदार ज्या नजरेनं बघू लागले, ती बघून मी दोन दारं सोडून पुढे गेलो. राहिला गॅस. सिलिंडर गच्चीवर न्यायचा माझा बेत हिनं उंबऱ्यातच अडवला. घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी असतो, हा नियम तिनं सरकारपेक्षा कडक आवाजात सांगितला.

मग मी आपल्या परंपरेकडे वळलो. परंपरा म्हणजे घमेलं.

घमेल्याची भट्टी सोपी असते. घमेल्याला बाजूनं भोक पाडायचं, त्यातून तळापर्यंत लोखंडी पाइप घालायचा, पाइपला वरच्या अंगानं छोटी भोकं पाडायची आणि बाकीचं घमेलं आतून मातीनं लिंपून घ्यायचं. आमच्याकडे गणपतीची उरलेली शाडू होती. तिच्यात वाळू आणि राख कालवली. हे लिंपण सावलीत आठवडाभर निवांत वाळू द्यावं लागतं. घाई केली तर मातीतल्या पाण्याची वाफ होते आणि खपल्या उडतात. पाइपसाठी प्लंबरनं मागे सोडलेला तुकडा पडला होता, तोच मी बसवणार होतो. पण त्यावर जस्ताचा मुलामा होता. जस्त तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी हिवताप भरल्यासारखी हुडहुडी भरते. म्हणून बिनमुलाम्याचा काळा पाइप आणला. आता उरला भाता. लोहाराकडे चामड्याचा भाता असायचा. आमच्याकडे हिचा हेअर ड्रायर होता, मुलीनं वाढदिवसाला दिलेला. 'थंड' या बटणावर तो वारा उत्तम देतो आणि वाढदिवस अकरा महिने लांब होता.

कोळसा लोणारी हवा. दगडी कोळशात गंधक असतं, ते पोलादाला बाधतं. मी आमच्या इस्त्रीवाल्याकडे पाच किलो कोळसा मागितला. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, माझं काही चुकलं का? इस्त्री घरीच करणार का आता?" त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. भट्टीचं काम आहे हे सांगितल्यावर तो जास्तच काळजीत पडला.

पोलादासाठी मी जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी हा बाजार भरतो. जगातली कुठलीही वस्तू तिथे मिळते, फक्त तिचा दुसरा भाग मिळत नाही. मला हव्या होत्या झिजलेल्या कानशी. चांगल्या कानशीत शंभराला एकच्या आसपास कार्बन असतो. ग्रिलच्या पट्टीत पाव टक्काही नसतो. पाऊण टक्क्याच्या फरकासाठी माणसं ठेवी एका बँकेतून दुसरीत हलवतात हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. लोखंडाचंही तेच आहे. त्या पाऊण टक्क्याशिवाय पट्टीला जन्मभर पाणी दिलंत तरी ती पट्टीच राहते. ओळखायचं कसं? ग्राइंडरला लावायचं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या टोकाला फुटतात. विक्रेत्यानं एक कानस लावून दाखवली, ती फुलली, आणि मी दिवाळीतल्या मुलासारखी टाळी वाजवली. त्याबरोबर भाव दुप्पट झाला.

कानस मुळात इतकी कडक असते की तिला दुसरी कानस लागत नाही. म्हणजे सुरी कडक करण्यासाठी आधी ती मऊ करावी लागते. तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवली की ती हळूहळू निवते आणि ताठा सोडते. अशा तीन कानशी मी राखेत निजवल्या आणि पुढचे पंधरा दिवस कानशीनं कानस घासत बसलो. हिनं एकदाच विचारलं, "अहो, ही घासून ती संपवायची, की ती घासून ही?"

पाती तयार झाली. एका रविवारी सकाळी नऊ वाजता मी गच्चीवर भट्टी मांडली. तापलेलं घमेलं सिमेंटवर टेकवलं तर सिमेंटमधला ओलावा उसळून कपचे उडतात, शिवाय गच्चीच्या गळतीवर नुकतेच सोसायटीनं लाखभर खर्च केले होते. म्हणून घमेलं लोखंडी तिवईवर ठेवलं, खाली वाळू पसरली, शेजारी वाळूची बादली ठेवली. तयारीत एकच गोष्ट राहून गेली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. ड्रायर सुरू झाला तसा कोळशाचा बारीक भुगा वाऱ्यावर निघाला आणि त्या शुभ्र कुरडयांवर हळुवार उतरला. पुढे त्या कुरडया तळल्यावर एका पाहुणीनं 'यात काळे तीळ घातलेत का?' म्हणून कृती मागितल्याचं कानावर आलं. काकूंनी ती दिली नाही.

माझं लक्ष पात्याकडे होतं. 'चेरीसारखं लाल झालं की काढा,' असं दाढीवाल्याचं सांगणं होतं. आपल्याकडे चेरी म्हणजे केकवर असते ती, पाकातली. पोलाद कुठल्याही तापमानाला तसं दिसत नाही. आणि मेच्या उन्हात तर ते लाल झालंय की नाही हेच कळेना. मग चुंबकाची युक्ती केली. लोखंड 770 अंशांना चुंबकाशी नातं तोडतं. चुंबक चिकटेनासा झाला की आपण जवळ आलो. मी फ्रीजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणली होती. ती पात्याला टेकवली. चुंबकानं नातं तोडलं, पण स्ट्रॉबेरीनं जोडलं. ती वितळून पात्याला चिकटली आणि ठिबकू लागली. त्या गडबडीत मी पातं सरळ पाण्याच्या बादलीत खुपसलं. 'टिंग' असा गोड आवाज आला. घंटेसारखा. पात्याला धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला होता. पाणी उष्णता फार झपाट्यानं ओढतं. पातळ धार आधी आखडते, जाड पाठ मागे राहते, आणि या ओढाताणीत पातळ बाजू फाटते. नाव 'पाणी देणं' असलं तरी असल्या पातळ पात्याला तेल द्यावं लागतं.

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला : 'सभासदांनी गच्चीवर शस्त्रनिर्मिती करू नये.' मी सेक्रेटरींना भेटून कायदा सांगितला. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र, आणि घरकामाच्या हत्यारांना त्यातूनही सूट. माझं पातं साडेपाच इंच. त्यांनी ते मान्य केलं आणि कागद बदलला : 'सभासदांनी गच्चीवर लघुउद्योग करू नये.' पुण्यात कोयत्याच्या बातम्या रोज येत असताना एवढ्यावर भागलं हे मी नशीब समजलो, आणि पुढच्या वेळी तिन्हीसांजेचा मुहूर्त धरला.

आता दोन लिटर शेंगदाणा तेल उभ्या स्टीलच्या डब्यात घेतलं. ते पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करायचं असतं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून नीट भिडतं. डब्याचं झाकण हाताशी ठेवलं, कारण तेल पेटलं तर त्यावर झाकणच टाकायचं, पाणी कधीच नाही. स्ट्रॉबेरीच्या जागी जुन्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक होता. पातं तापलं, चुंबक सुटला, मी खबरदारी म्हणून आणखी थोडं, आणि आणखी थोडं तापवलं. संत्र्याच्या रंगाचं झाल्यावर तेलात सोडलं. चुर्रर्र! भक्कन ज्वाळा आली आणि विझली. मागोमाग असा खमंग वास सुटला की चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "कांद्याची का बटाट्याची?" दोन मिनिटांत सहा मुलं ताटल्या घेऊन गच्चीवर.

पात्यावर कानस फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. कडक झालं होतं! मी जिन्यावरून धावत खाली आलो, "अगं, बघ, बघ" म्हणत ओट्यापाशी पोचलो आणि पातं हातातून निसटलं. ग्रॅनाइटवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. पोलादाचे, पापडासारखे.

हिनं तुकडा उचलला, तुटलेली बाजू दिव्याखाली धरली. "जाडा रवा दिसतोय," ती म्हणाली.

तिनं जे एका नजरेत पाहिलं ते मला नंतर वाचून कळलं. पोलाद जास्त तापलं की आतले कण फुगतात, तुटलेली बाजू रवाळ दिसते. नीट तापलं असेल तर ती राखाडी, मऊ मखमलीसारखी दिसते. शिवाय नुकतं गार केलेलं पोलाद ठिसूळच असतं. आतल्या त्या कडक रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, अॅडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून. तापलेल्या अवस्थेतल्या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात, रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रजाच्या नावावरून. लोहारांनी हे पिढ्यानपिढ्या केलं. नाव लागलं ते भिंगातून बघणाऱ्यांचं.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे आणि घरची बोथट विळी घेऊन मी सासवड रस्त्याला गेलो. पावसाच्या तोंडावर तिथे घिसाडी कुटुंबांची पालं पडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून घ्यायला शेतकऱ्यांची गर्दी असते. एका पालापुढे म्हातारे मामा बसले होते, सुनेच्या हातात घण आणि नातवाच्या हातात पंख्याचा दांडा. मी माझे तुकडे दाखवले. त्यांनी ते उलटसुलट केले.

"कुनी केलं ह्ये?"

"मीच."

"साहेब, ह्याला पानी नाय दिलं तुमी. नुसतं बुडवलं."

एवढं बोलून ते कामाला लागले. एका शेतकऱ्याचं खुरपं त्यांनी लाल केलं. भट्टीवर फाटकी ताडपत्री बांधून अंधार केला होता. मी म्हटलं, "मामा, उन्हाचा त्रास होतो ना?" ते म्हणाले, "सावली मला नाय. रंगाला." मग त्यांनी खुरप्याची फक्त धार, बोटभर, पाण्यात टेकवली आणि लगेच बाहेर काढली. पाठ अजून लालच होती. विटेच्या तुकड्यानं धार खसाखसा घासून चकचकीत केली आणि ते बघत बसले. पाठीतली ऊब सावकाश धारेकडे उतरू लागली. चकचकीत पट्टीवर आधी गव्हाच्या काडाचा पिवळा रंग सरकला, मागून तांबूस, मागून जांभळा. जांभळा धारेला लागताच त्यांनी खुरपं अख्खं बुडवलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. कडक करणं आणि मग त्यातला माज थोडा उतरवणं, दोन्ही एकाच श्वासात.

"खुरप्याला जांभळं. दगडावर बसतंय ते, गव्हाळ ठेवलं तर तुकडा उडंल. सुरीला गव्हाळ. निळं झालं की स्प्रिंग झाली."

हे रंग खरे असतात. पात्यावर गंजाचाच एक अतिशय पातळ पापुद्रा चढतो. तो जसा जाड होतो तसा रंग बदलतो. गव्हाळ दोनशे अंशांच्या थोडा वर, जांभळा पावणेतीनशेच्या आसपास, निळा तीनशेच्या जवळ. मामांकडे थर्मामीटर नव्हतं. विळीला पाणी देऊन, धार लावून त्यांनी पन्नास रुपये सांगितले. मी शंभर दिले. त्यांनी पन्नास परत केले, कारण मागे रांग होती.

घरी येऊन मी हे सगळं हिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती तूप कढवत होती. "त्यात काय," ती म्हणाली, "रंगच तर बघायचा." आणि बदामी व्हायच्या अर्ध्या क्षण आधी तिनं गॅस बंद केला. एकतीस वर्षं मी ते तूप खातोय. गॅस नेमका कधी बंद होतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या पात्याच्या वेळी मी तिला गच्चीवर घेऊन गेलो. येताना ती मिठाचा डबा घेऊन आली. मीठ 801 अंशांना वितळतं, हे मी जेवताना बोलून गेलो होतो. आणि आम्हाला हवे होते आठशेच. मी ड्रायर धरला. पातं निखाऱ्यांच्या पोटात, थेट झोताच्या तोंडावर नाही, पुढेमागे हलवत ठेवलं, कारण बारीक टोक आधी तापतं आणि जळतं. आधी तीन वेळा नुसतं तापवून हवेत गार केलं, म्हणजे फुगलेले कण बारीक होतात. चौथ्यांदा तापवताना अंधार दाटला होता. पात्याचा रंग डाळिंबाच्या दाण्यावर आला. मी चुंबक शोधत होतो. तिनं मिठाची चिमूट टाकली. मीठ पाझरलं.

"काढा!" ती ओरडली. काढलं, तेलात सोडलं. सहा मुलं ताटल्यांसकट हजर होतीच. त्या रात्री खरोखरच भजी करावी लागली, वेगळ्या तेलात.

गव्हाळ रंगासाठी ओव्हन वापरायचा होता. दोनशे अंशांवर दोन तास, मग पुन्हा दोन तास. मी काटा दोनशेवर लावला. तिनं तो एकशे ऐंशीवर आणला. "हा वीस अंश जास्त तापतो. नानकटाई मी करते." चार तासांनी पातं बाहेर निघालं, ते अगदी नानकटाईच्या कडेच्या रंगाचं.

ही सुरी आता आमच्या ओट्यावर असते. शिसवी मूठ आहे, पातं डावीकडे किंचित झुकलेलं आहे, पण कांदा सरळ कापते आणि टोमॅटोला चेचत नाही. आमची ही मात्र अजून विळीच वापरते, कारण तिला पाणी मामांनी दिलंय. हेअर ड्रायरचं नाक वितळलं आहे. पुढचा वाढदिवस माझ्या खर्चानं होणार आहे.

तेव्हा कुणाला घरी सुरी करायची असेल, तर घमेलं, काळा पाइप, उरलेला कोळसा आणि तळलेल्या पोलादाचं तेल मी आनंदानं देईन. रंग ओळखणारं माणूस मात्र ज्याचं त्यानं आणावं. आमच्याकडचं मोकळं नाही.